पेटी टांगली, पुढे काय?

दरवर्षी २० मार्च जवळ आला की लाकडी पेट्यांचे दिवस येतात. जागतिक चिमणी दिन २०१० पासून पाळला जातो. त्यामागची मुख्य धडपड आपल्या नाशिकची, मोहम्मद दिलावर आणि त्यांच्या नेचर फॉरएव्हर सोसायटीची. आता त्या आठवड्यात शाळा, गृहनिर्माण संस्था, बँका, नगरसेवक असे सगळेच घरट्यांच्या पेट्या वाटतात आणि दुसऱ्या दिवशीच्या बातमीत वाटलेल्या पेट्यांचा आकडा येतो. त्यांपैकी किती पेट्यांत घरटे झाले, कोणत्या पक्ष्याने केले, किती अंडी फुटली आणि किती पिले उडून गेली, हे आकडे मात्र सहसा कुठे छापून येत नाहीत. माझ्या मते सगळा प्रश्न या न छापलेल्या आकड्यांत आहे. पक्षी वाचवण्याचा उपाय म्हणून पेटीचा जेवढा गाजावाजा होतो तेवढी ती गुणकारी नाही. पक्ष्यांविषयी काही कळून घेण्याचे साधन म्हणून मात्र ती आपण समजतो त्याहून फार मोलाची आहे. आणि टांगून विसरलेली पेटी उपाय ठरली की नाही, हे टांगणाऱ्यालाही सांगता येत नाही.

पेटीत येणारे पक्षी मुळात ढोलीत राहणारे. ढोलीच्या पक्ष्यांतही दोन जाती मानाव्या लागतात. सुतार आणि तांबट स्वतः लाकूड कोरून घर करतात. तांबट तर शेवग्यासारख्या मऊ झाडाची वाळकी फांदी शोधून तिच्या खालच्या अंगाला गोल दार पाडतो. दुसरी जात आयत्या घरात शिरणाऱ्यांची. साळुंकी, ब्राह्मणी मैना, दयाळ, राखी वल्गुली, पोपट, पिंगळा, गव्हाणी घुबड, हुदहुद, नीलपंख ही मंडळी कोरत नाहीत, किंवा पोपटाप्रमाणे असलेलेच भोक थोडे रुंद करून घेतात. पेटी उपयोगी पडते ती या दुसऱ्या जातीला. चिमणी यात असूनही थोडी वेगळी आहे, कारण तिने झाडाची ढोली सोडून माणसाच्या घराची ढोली धरली. कौलांखालची वळचण, आढ्याजवळची फट, भिंतीतले कोनाडे, पूर्वजांच्या तसबिरीमागची तिरकी जागा, विजेच्या मीटरमागची पोकळी ही तिची पिढ्यान्‌पिढ्यांची वसतिस्थाने. वाडे आणि चाळी पाडून काचेच्या व गुळगुळीत गिलाव्याच्या इमारती उभ्या राहिल्या तेव्हा ही जागा गेली, हे म्हणणे खरे आहे, आणि पेटीच्या बाजूचा सगळ्यात भक्कम युक्तिवाद तोच आहे.

त्या युक्तिवादाला सलीम अली यांच्या बालपणातल्या एका नोंदीचा आधार देता येतो. १९०६-०७ च्या सुमारास मुंबईत खेतवाडीतल्या घराच्या तबेल्याच्या भिंतीत चिमणीचे घरटे होते. मादी आत अंड्यांवर, नर बाहेर खिळ्यावर पहारा करीत. दहा-अकरा वर्षांच्या सलीमने तो नर छर्ऱ्याच्या बंदुकीने मारला; थोड्याच वेळात दुसरा नर त्या खिळ्यावर हजर झाला. सात दिवसांत आठ नर गेले आणि प्रत्येक वेळी जागा भरून निघाली. आज ही नोंद वाचताना अंगावर काटा येतो, पण तिच्यातून एक गोष्ट दिसते: जुन्या, भोकाभोकांच्या मुंबईतही घरट्याची जागा हाती नसलेले नर आसपास ताटकळत होते. चिमण्यांत नर आधी जागा धरतो आणि मग मादीला बोलावतो, त्यामुळे जागा हीच त्याची पत असते. मात्र या पुराव्याची मर्यादाही मान्य केली पाहिजे. जागेअभावी काही नर रिकामे होते एवढेच त्यातून निघते. जागा वाढवली की चिमण्या वाढतील, हे निघत नाही. वाढायला पिले जगावी लागतात.

आणि नेमके तिथेच दुसऱ्या बाजूचा पुरावा उभा राहतो. ब्रिटनमधल्या शहरांतून चिमण्या झपाट्याने कमी झाल्या तेव्हा तिथे कारणांचा कसून शोध सुरू झाला. एका वृत्तपत्राने २००० साली शास्त्रीय उत्तर देणाऱ्याला पाच हजार पौंडांचे बक्षीससुद्धा लावले. पुढे लेस्टर शहरात शेकडो पेट्या लावून घरट्यांवर लक्ष ठेवले गेले. पेट्यांत चिमण्या आल्या, अंडी घातली, पिलेही फुटली. पण बरीच पिले पहिल्या काही दिवसांतच उपाशी मेली. कारण चिमणी मोठेपणी दाणे खात असली तरी तिच्या कोवळ्या पिलांना अळ्या, मावा, कोळी असे मऊ किडेच लागतात, आणि फरसबंद अंगणे व फवारलेल्या बागांत ते उरले नव्हते. लंडनमध्ये तर काही वसाहतींना मुद्दाम अळ्या पुरवून पाहिल्या. उडालेल्या पिलांची संख्या लक्षणीय वाढली, तरी लहान वसाहती सोडल्या तर प्रौढ नरांच्या संख्येत फरक पडला नाही. म्हणजे उडून गेल्यावरही पुढे कुठेतरी गळती होतीच. लेस्टरमध्ये पेटीने चिमण्या वाचवल्या नाहीत, पण त्या का मरतात हे तिने सांगितले. आपल्याकडे खिडकीत मूठभर तांदूळ टाकून शेजारी पेटी टांगली की कर्तव्य झाले असे समजतात. तांदूळ आईबापांसाठी झाला. पिलांसाठी कढीपत्त्यावरची अळी, तुळशीवरचा मावा आणि कुंपणाची देशी झुडपे लागतात, आणि त्यांवर फवारा मारायचा मोह आवरावा लागतो.

चिमणीच्या बाबतीत एक गोष्ट आणखी. 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' या २०२० च्या अहवालात देशभरच्या हजारो पक्षिनिरीक्षकांच्या नोंदी एकत्र करून असे दिसले, की गेल्या पंचवीसहून अधिक वर्षांत भारतभर मिळून चिमणीची संख्या साधारण स्थिर आहे. घट आहे ती मुंबईसह सहा महानगरांत. तेव्हा चिमणी नामशेष होत चालली आहे हे वाक्य सरसकट खरे नाही. मोबाइलच्या मनोऱ्यांनी चिमण्या मारल्या, हे तर आपण पुराव्यापेक्षा पुनरावृत्तीने खरे करून ठेवले आहे. उलट ज्याची चिंता करावी असा ढोलीतला पक्षी आहे नीलपंख. २०२३ च्या अहवालाने त्याची घट स्पष्ट दाखवली. पण तो माळरानाच्या विजेच्या तारेवर बसणारा, अंगणात न येणारा, म्हणून त्याच्या नावाने पेट्या वाटल्या जात नाहीत.

म्हणजे पेट्या निरुपयोगीच का? तसे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. उत्तर अमेरिकेत निळ्या रंगाचा ब्लूबर्ड विसाव्या शतकात फार कमी झाला होता. १९३० च्या दशकापासून लोकांनी रस्त्यांच्या कडेने पेट्यांच्या रांगा लावल्या, १९७८ मध्ये त्यांची संघटना झाली, आणि तो पक्षी सावरला. रॉकी पर्वताच्या पूर्वेला जांभळी मार्टिन ही पाकोळी आता जवळजवळ पूर्णपणे माणसाने दिलेल्या घरांवरच जगते. इंग्लंडच्या फॉरेस्ट ऑफ डीनमध्ये १९४२ साली पेट्या लावल्यावर पाइड फ्लायकॅचर हा माशीमार तिथे वस्तीला आला. या यशांत दोन गोष्टी समान होत्या. तिथे अन्न पुरेसे होते आणि उणीव खरोखर ढोलीचीच होती, ही एक. दुसरी अशी, की पेट्या लावणारे लोक ठरावीक दिवसांनी जाऊन प्रत्येक पेटी उघडून पाहत आणि वहीत लिहीत. नको तो रहिवासी शिरला तर त्यांना वेळेवर कळे.

हा नको असलेला रहिवासी कोण होता, हे आपण जाणून घेण्यासारखे आहे. ब्लूबर्डच्या पेट्या बळकावणारा, त्याची अंडी फोडणारा मुख्य शत्रू म्हणजे १८५० च्या सुमारास ब्रुकलिनमध्ये सोडलेली आणि मग खंडभर पसरलेली आपली घरचिमणी. ऑस्ट्रेलियात १८६२ मध्ये मेलबर्नला नेलेल्या साळुंकीवर तिथल्या स्थानिक ढोलीवासी पक्ष्यांना हुसकावण्याचा आरोप आहे, आणि कॅनबेरातल्या अभ्यासांनी त्याला दुजोरा दिला. पिंजऱ्यांतून सुटलेले आपले पोपट बेल्जियममध्ये नटहॅच या छोट्या पक्ष्याच्या ढोल्या घेतात. स्पेनमधल्या सेव्हिलच्या एका बागेत त्यांनी दुर्मीळ मोठ्या वटवाघळांना ठार करून त्यांच्या ढोल्या काबीज केल्या. आपल्या अंगणातली ही तीन सालस मंडळी परदेशात दांडगाई करतात, याचा अर्थ ती स्वभावाने दुष्ट झाली असा नाही. ढोलीसाठी झुंजणे हा त्यांचा जुना गुण आहे. तो इथेही आहेच. फक्त इथे त्यांच्यासोबत वाढलेल्या शेजाऱ्यांना त्यांची सवय आहे. तरीही मोठ्या भोकाच्या शंभर पेट्या एका वसाहतीत टांगल्या तर आपण दयाळाची सोय करतो आहोत की साळुंक्यांची फौज वाढवतो आहोत, हा प्रश्न उरतोच, आणि त्याचे उत्तर पेटीत डोकावल्याशिवाय मिळत नाही.

निम्मे उत्तर पेटीच्या भोकातच असते. ब्रिटनमधल्या दीर्घ अनुभवातून ठरलेली मापे सांगतात, की लहान निळ्या टिटला २५ मिलिमीटर, मोठ्या टिटला २८ आणि घरचिमणीला ३२ मिलिमीटर व्यासाचे भोक पुरते. ३२ च्या भोकातून चिमणी जाते, साळुंकी जात नाही. बाजारातल्या पुष्कळ शोभिवंत पेट्यांना याहून मोठे, कधी हृदयाच्या आकाराचे भोक असते आणि खाली हौसेने बसायची दांडी लावलेली असते. पक्ष्याला त्या दांडीची गरज नसते. सोय होते ती अंडी पळवणाऱ्या कावळ्याची. दयाळाला उलट रुंद तोंडाची किंवा समोरून अर्धी उघडी पेटी चालते. चिमण्यांना शेजार लागतो, म्हणून त्यांच्या पेट्या जवळजवळ लावलेल्या चालतात. दयाळाचा नर मात्र आपल्या हद्दीत दुसरा नर सहन करत नाही, तेव्हा लहान बागेत त्याची एकच पेटी बास. आणि आपल्या हवेचा विचार तर करावाच लागतो. जिवंत झाडाच्या ढोलीपेक्षा पातळ फळ्यांच्या पेटीत तापमानाचे चढउतार फार मोठे असतात. विदर्भात पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा पत्र्याची, प्लास्टिकची किंवा पातळ प्लायवूडची पश्चिमेकडे तोंड करून उन्हात टांगलेली पेटी पिलांची भट्टी होते. शाळांतून बुटांच्या खोक्यांची घरटी करवून घेतात. पहिल्या वळवाच्या सरीत त्यांचा लगदा होतो आणि चिमणी तर पावसाळ्यातही वीण घालते. दोन सेंटिमीटर जाडीची फळी, पुढे आलेले छप्पर, तळाला पाणी निघायला बारीक छिद्रे, सावलीतली पूर्वेची किंवा उत्तरेची भिंत, मांजराच्या उडीपलीकडची उंची आणि साफसफाईसाठी उघडणारे झाकण, एवढे असले की बाकी रंगरंगोटी आपल्या समाधानासाठी.

आता ओळखीकडे वळू, कारण पेटीचे खरे शिक्षण तिथे आहे. पक्षी ओळखण्याची आपली सवय पिसांच्या रंगावर अवलंबून असते. पेटीपाशी ती अपुरी पडते. रहिवासी बहुतेक वेळ आत असतो, बाहेर येतो तो क्षणभर, आणि अनेकदा ती मादी असते. दयाळाचा काळापांढरा नर सगळ्यांना माहीत. अंड्यांवर बसते ती त्याची करड्या रंगाची मादी, आणि तिला भलतेच काही समजणारे पुष्कळ. चिमणीच्या मादीची पिवळ्या गळ्याच्या रानचिमणीशी गल्लत होणे तर अगदी साहजिक. तीही ढोलीतच घरटे करते, आणि खांद्यावरचा तांबूस पट्टा दिसला नाही तर फसगत ठरलेली. सलीम अलींना बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या दारापर्यंत नेणारा पक्षी हीच रानचिमणी होती, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. म्हणून पेटीपाशी पिसांखेरीज इतर पुरावा वाचायला शिकावे लागते, आणि तो विपुल असतो.

पहिला पुरावा सामानाचा. चिमणी गवत, काथ्या, सुतळीचे धागे आणि पिसे कोंबून पेटी जवळजवळ छपरापर्यंत भरते. भोकातून गवताची टोके लोंबताना दिसली तर तिचाच संशय घ्यावा. साळुंकी काटक्या, मुळ्या, कागद, प्लास्टिकच्या पट्ट्या आणि मिळाली तर सापाची कातही आणते. दयाळ तळाशी बारीक मुळ्या, गवत व वाळक्या पानांची उथळ वाटी करतो आणि उरलेली पेटी मोकळी सोडतो. वल्गुलीची गादी शेवाळ, केस आणि लोकर यांची, हाताला नमद्यासारखी. पोपट आणि पिंगळा काहीच आणत नाहीत. भुश्यावर नाहीतर नुसत्या लाकडावर अंडी. अंडीही बोलतात. साळुंकीची चकचकीत निळी, बिनठिपक्यांची. दयाळाची फिकट निळसर-हिरवी, वर तपकिरी शिंतोडे. चिमणीची मळकट पांढरी, करड्या-तपकिरी डागांची. पिंगळ्याची शुभ्र आणि जवळजवळ गोल. अंधाऱ्या ढोलीत अंड्यांना रंगाने लपायची गरज नसते, म्हणून जे पक्षी अगदी जुन्या काळापासून ढोलीत राहतात त्यांची अंडी पांढरी, आणि दयाळासारखे जे उघड्यावरच्या घरट्यांतून ढोलीकडे वळले असावेत त्यांच्या अंड्यांवर अजून रंग टिकून आहे, अशी एक उपपत्ती मांडली जाते. ती मला पटते, जरी साळुंकीचा निळा रंग तिच्यात नीट बसत नाही.

पेटी न उघडताही बरेच कळते. खाली भुंग्यांचे कठीण पंख आणि उंदरांची हाडे असलेल्या गोळ्या पडल्या असतील तर वर पिंगळा आहे. पेटीला दुर्गंधी येत असेल तर हुदहुदाचा विचार करावा. त्याची मादी आणि पिले एक उग्र वासाचा स्राव सोडतात आणि घरटे साफही ठेवत नाहीत. चोचीतून पांढरी पिशवीसारखी विष्ठा बाहेर नेऊन टाकणारे पालक दिसले की पिले फुटली हे समजावे. चोचीत हिरवी अळी जाते आहे की भाताचे शीत, हे दहा मिनिटे लांबून दुर्बिणीने पाहिले तर पिलांचे भवितव्यही थोडेफार कळते. चिमणीची अंडी अकरा ते चौदा दिवसांत फुटतात आणि पिले आणखी साधारण दोन आठवड्यांत बाहेर पडतात. हा हिशेब वहीत असला की अचानक शांत झालेली पेटी यशाने शांत झाली की मृत्यूने, हे ठरवता येते. धामण, भारद्वाज, उंदीर आणि मांजर हे सगळे पेटीचे ग्राहक आहेत. कधी रहिवासी पक्षी नसतोच. खार चिंध्या भरून राहते किंवा सातेरी मधमाश्या पोळे धरतात. अशी पेटी फुकट गेली असे मी म्हणणार नाही. आसपास ढोल्यांची टंचाई किती आहे, ते तिने दाखवले.

इथे एक रास्त आक्षेप येतो. पाहायच्या हौसेनेच घरटी मोडतात, मग हा उद्योग हवा कशाला? माणसाचा हात लागला की पक्षी घरटे सोडतो हा समज बहुतेक पक्ष्यांच्या बाबतीत खोटा आहे, पण वारंवार त्रास दिला तर घरटे सोडले जाते, हे खरे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मध्ये शिकारीच्या व्याख्येतच अंड्यांना इजा करणे आणि घरट्यांना उपद्रव देणे येते. फांद्या बाजूला सारून, फ्लॅश मारून घरट्याचे फोटो काढण्याला पक्षिनिरीक्षकांच्या अनेक गटांनी मज्जाव केला आहे आणि तो योग्यच आहे. परंतु यातून न पाहणे हा निष्कर्ष निघत नाही. बेताने पाहणे हा निघतो. अंडी घालण्याच्या व नुकतीच उबवायला लागल्याच्या दिवसांत पेटीला हात लावू नये. पुढे तीन-चार दिवसांनी एकदा, मादी स्वतः बाहेर गेलेली असताना, मिनिटाच्या आत झाकण उघडून बंद करावे. पिलांना पिसे फुटली की उघडणे पूर्ण थांबवावे, नाहीतर ती घाबरून वेळेआधी उड्या टाकतात. आणि बाहेर पडलेले दयाळाचे पिलू धड उडता येत नसताना जमिनीवर बसलेले दिसले, तर ते अनाथ समजून खोक्यात घालू नये; आईबाप जवळच असतात.

घरगुती नोंदींना शास्त्रात किंमत काय, असेही विचारले जाते. ऑक्सफर्डजवळच्या वायथम जंगलात डेव्हिड लॅक यांनी १९४७ मध्ये पेट्यांतल्या टिट पक्ष्यांच्या नोंदी सुरू केल्या, त्या आजही चालू आहेत. टिट आता १९६० च्या दशकापेक्षा सुमारे दोन आठवडे आधी अंडी घालतात, म्हणजे वाढत्या उष्म्यामागे आपले वेळापत्रक सरकवतात, हे त्या साध्या तारखांनी दाखवले. तिथल्या लाकडी पेट्या मुंगसासारखे लहान शिकारी प्राणी लुटत. १९७० च्या दशकात टणक सिमेंटमिश्रित पेट्या आल्यावर ती लूट एकदम घटली. साधन बदलले की निष्कर्षही बदलतात, हे त्यातून शिकावे. ब्रिटनमध्ये सामान्य लोकांकडून घरट्यांच्या नोंदी गोळा करण्याची योजना १९३९ पासून आहे. महाराष्ट्रात पक्षिनिरीक्षकांची कमतरता नाही. ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह सरकारने मारुती चितमपल्ली आणि सलीम अली यांच्या जन्मदिवसांना जोडून ठरवला. त्या काळात पाहुणे बदके मोजायला सगळे पाणवठ्यावर जातात. पण नोव्हेंबरात पेट्या बहुधा रिकाम्या असतात. पोपटांचा हंगाम जानेवारी-फेब्रुवारीत सुरू होतो, दयाळाचा मार्चमध्ये. दिवाळीच्या साफसफाईत पेटी धुऊन, जुने सामान काढून ठेवायची, आणि जानेवारीपासून वही उघडायची, असा आपला क्रम हवा.

सगळ्यात गंभीर आक्षेप झाडाच्या बाजूने येतो. जुनी झाडे राखली तर पेट्यांची गरजच काय? मला हा आक्षेप पूर्ण मान्य आहे. एका म्हाताऱ्या आंब्यात लहान-मोठ्या भोकांच्या, वेगवेगळ्या खोलीच्या जितक्या ढोल्या असतात तितके प्रकार कोणताही सुतार करून देणार नाही, आणि महाधनेशाला तर अंगणातली पेटी कधीच पुरणार नाही. २०२१ च्या दुरुस्तीने राज्याच्या शहरी वृक्ष कायद्यात पन्नास वर्षांवरच्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा मिळाला. पण कायदा झाड मोजतो. झाडावरची वाळकी फांदी मोजत नाही, आणि तांबट कोरतो ती तीच फांदी. आपल्या बहुतेक शहरांत या फांद्या पावसाळ्यापूर्वीच्या छाटणीत, एप्रिल-मेमध्ये पडतात, म्हणजे नेमक्या पिले आत असताना. फांदी कोसळून माणूस दगावू नये हे कारण रास्त आहे, त्याला विरोध करून चालणार नाही. मात्र तीच छाटणी नोव्हेंबर-डिसेंबरात केली तर पावसाआधी धोका टळतो आणि पोपटांनी अंडी घालण्याच्याही आधी काम होते. रस्त्यापासून दूर असलेली वाळकी फांदी तर ठेवलीच तरी चालते. उद्यान विभागाकडे ही मागणी घेऊन जाताना हळहळ पुरत नाही, तारखा लागतात: अमुक प्रभागात दयाळाने पहिले अंडे कधी घातले, शेवटचे पिलू कधी उडाले, पिंगळ्याच्या पेटीखाली पहिली गोळी कधी पडली. वीस-तीस अंगणांतल्या पेट्यांच्या दोन-तीन हंगामांच्या वह्या एकत्र केल्या तर त्या तारखा हाती येतात, आणि मग छाटणीच्या निविदेत महिना बदलून मागता येतो.